गप्प झालेल्या घरी येणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताईंची आणि माझी पहिली भेट नांदेडला त्यांच्या वाचाउपचार केंद्रात झाली. त्या भेटीत त्यांनी मला फार आदबीनं गप्प बसवलं.

झालं होतं असं. माझी पत्नी पंचफुला हिला अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. मी मुदखेड स्टेशनच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेला माणूस, आणि ती अंगणवाडी सेविका. दिवसभर लेकरांशी बोलून घरी आल्यावरही तिच्याकडे मला सांगायला पुष्कळ असायचं. आता तिला पाणी हवं असलं की तोंडून ‘चप्पल’ यायचं. चुकलं हे तिला लगेच कळायचं आणि ती ओठ मिटून घ्यायची.

ताईंनी तिच्यापुढे कंगव्याचं चित्र धरलं. तिचे ओठ हलायला लागले, तोच मी म्हणालो, “कंगवा. तिला ठावं हाय, मॅडम.”

“तुम्हाला ठावं आहे ते कळलं, भाऊ,” ताई म्हणाल्या. “आता त्यांना शोधू द्या.”

मग मेंदूचा फोटो उजेडाला धरून त्यांनी मला डावीकडचा डाग दाखवला. रक्त थांबलं ते तिथं. शब्द पुसले गेलेले नाहीत, त्यांच्याकडे जायची वाट मोडली आहे, असं त्या म्हणाल्या. “शब्द शोधताना मेंदूचे दुसरे भागही कामाला लागतात. बाहेरून बाई नुसती बसलेली दिसते, पण आत तिची किती धावपळ चाललेली असते! आणि तेवढ्यात तुम्ही शब्द देऊन मोकळे होता.”

त्या दिवसापासून मी थांबायला शिकलो. ते सोपं नव्हतं, हे इथं लिहायला हवं. आमच्या घरात दोनच माणसं. मुलगा पुण्याला. तो आधी फोन आईकडे द्यायला सांगायचा. तिकडून “आई, बोल ना” आणि इकडून नुसता श्वास, असं काही वेळा झालं. पुढं तो मलाच विचारू लागला, “आई कशी आहे?” ती शेजारीच बसलेली असायची. भेटायला येणारे तिच्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू तिचे कान गेलेत. नंतर तेही यायचे थांबले. समोर जेवायला बसलेल्या माणसाच्या आठवणीनं जीव कासावीस होतो, हे मला त्या वर्षी कळलं. शेजाऱ्याचा टीव्ही लागला की बरं वाटायचं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण एका रविवारी निर्मलाताई पॅसेंजरनं मुदखेडला आल्या. ताई मूळच्या लातूरच्या. सुट्टीला त्या आईकडे जायच्या, तो रविवार त्यांनी आम्हाला दिला. उपचाराचं काही सामान आणलं नव्हतं. पंचफुलाजवळ बसून त्यांनी शेंगा फोडल्या, तिच्या हातचा चहा घेतला. जाताना त्या म्हणाल्या, “भाऊ, तुमच्याशीबी कुणीतरी बोलायला पाहिजे. मी येत जाईन.” त्या येत राहिल्या. फी विचारली तर रागवायच्या.

त्यांच्या खरेपणाविषयी मात्र एक प्रसंग सांगायलाच हवा. एकदा केंद्रात बरेच रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं जमली होती. माझ्याकडे बोट करून ताईंनी पंचफुलाला विचारलं, “हे कोण?” तिनं मान खाली घातली आणि पदर सारखा केला.

मी म्हणालो, “ती माझं नाव घेत न्हाई, ताई. लग्नापासून नुसतं ‘अवं’.”

“मग मीच चुकीचं विचारलं,” ताई हसल्या. “पंचफुलाबाई, उखाण्यात तरी घेत होता की न्हाई?”

उखाणा मी ताईंच्या कानात सांगितला. त्यांनी टेबलावर ठेका धरला आणि पहिला शब्द दिला. पुढं पंचफुलाच म्हणू लागली. सुरात, न अडखळता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच अख्खी ओळ!

“टेसनावर लागली गाडी, फलाटावर झाली दाटी...”

मग ती थांबली. ठेका चालू होता. नावाच्या जागी तिनं नुसता हुंकार दिला आणि पुढं म्हणाली, “...नाव घेते तुम्हा सगळ्यांसाठी.”

टाळ्या पडल्या. ती लाजून हसत होती. मीही टाळ्या वाजवल्या. गाडी आली, फलाट आला, सगळे आले. त्या ओळीत नव्हतो तो एकटा मीच.

मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. ताई पाठोपाठ आल्या. “माणसांची नावं सगळ्यात अवघड जातात, भाऊ. ओळख गेलेली नाही. नाव हाती लागत न्हाई, एवढंच.”

“येईल ना पण?”

त्या म्हणाल्या, “येईलच असं मी सांगणार नाही. नाही आलं तर काय करायचं, ते आपण दोघं मिळून बघू.”

दिलासा देणारे पुष्कळ भेटले. असं बोलणाऱ्या ताई एकट्याच. त्यांचा शब्द खरा ठरला. आज पंचफुला चहा, पाणी, औषध मागते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, मुलाला फोनवर “जेवला का” विचारते. माझं नाव आलेलं नाही. ‘अवं’सुद्धा नाही. काही हवं असलं की ती माझ्या बाहीला धरते, आणि मी वळून बघतो.

ताईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त हा लेख लिहायला बसलो तेव्हा पंचफुलाला विचारलं, “ताईंना तुझ्याकडून काय लिहू?” ती विचार करू लागली. मी पेन खाली ठेवला. बराच वेळ गेला. मग तिनं एकेक शब्द जुळवला.

“ताई... लई दिवस... या.”

तिला ‘जगा’ म्हणायचं होतं, असं मला वाटतं. पण ती म्हणाली तसंच लिहिलं आहे. ताई, आम्हा दोघांची तुमच्यासाठी हीच इच्छा. लई दिवस या.