सुर्वेकाकूंनी दारात अडवलेली नायिका

नायिका उंबऱ्यावर उभी आणि सुर्वेकाकू तिला घरात घेईनात!

मी लोकेशन मॅनेजर. म्हणजे शूटिंगला जागा शोधायची आणि त्या जागेतल्या माणसांना शेवटपर्यंत हसतं ठेवायचं. पहिलं काम सोपं.

सिनेमा प्रेमाचा. नायकाची प्रेयसी समुद्रात बुडालेली. बऱ्याच वर्षांनी हुबेहूब तशीच बाई दारात उभी राहते. ती तीच की दुसरी, यावर अख्खा सिनेमा. त्या शॉटसाठी मी डिलाईल रोडच्या चाळीतली काकूंची खोली मिळवली होती. नायिका तेवढी दुपारच मोकळी. संध्याकाळी तिचं विमान.

“अ‍ॅक्शन!”

नायिकेने पाऊल उचललं. आत बसवलेल्या, ‘ती बऱ्याच वर्षांनी परत येते’ एवढंच ऐकलेल्या काकू भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन थेट फ्रेममध्ये!

“थांब गो बाय! इतक्या वर्सांनी इलंस, तशीच भितर येतलंस?”

“कट!” डायरेक्टरची ती आरोळी पार तिकडे अँटॉप हिलच्या कावळ्यांनीही ऐकली असणार.

“काकू, हे खोटं आहे. अ‍ॅक्टिंग,” मी म्हणालो.

“नाटक तुमचा. उंबरो माझो.”

लांबून घरी आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, डोळ्यांना पाणी लावायचं, मगच आत. काकूंकडे हा नियम मंत्र्यालाही चुकला नसता.

दुसरा टेक. पुन्हा तांब्या. तिसरा. पुन्हा तांब्या.

डायरेक्टर माझ्या कानाशी आले. “मॅनेज कर. आज शॉट झाला नाही तर उद्यापासून तू घरी.”

मी डोकं लढवलं. “काकू, ही ती नाहीच. तिच्यासारखी दिसणारी दुसरीच आहे.”

“मगे तर आधी पाय धुवूक सांग! कोणाची कोण!” काकू डायरेक्टरकडे वळल्या. “ओ सायबानू, ही तीच काय दुसरी?”

“तोच तर सस्पेन्स आहे, काकू.”

“सस्पेन्स थेटरात. माझ्या घरात कोण येता, ता माका कळाक व्हया.”

गॅलरीतलं ऊन सरकायला लागलं. मी हळूच म्हणालो, “सर, ओवाळू द्या ना. कॅमेरा चालू ठेवा.” सरांनी असं पाहिलं की माझी जागेवर राख व्हावी. मग त्यांनी ऊन पाहिलं. “रोल!”

काकूंनी ओवाळलं, तुकडा बाहेर भिरकावला, नायिकेच्या डोळ्यांना पाणी लावलं. “ये गो. किती उशीर केलंस!”

सकाळपासून अर्धी बाटली ग्लिसरीन घालूनही कोरडा राहिलेला नायक हुंदके देऊन रडला. गॅलरीतल्या बायका त्याच्याहून मोठ्याने. साऊंडवाल्याने हेडफोनच काढून ठेवले.

सिनेमा लागला. नायिकेच्या पापणीवर अडलेल्या एका अश्रूवर समीक्षकांनी रकानेच्या रकाने भरले. अश्रू काकूंच्या पिंपातला होता. मी कशाला बोलतोय? नोकरी वाचली होती.

आता नवी जागा बघायला गेलो की आधी घरातल्या बाईला गोष्ट सांगतो. भिंती नंतर बघतो.