कानसेन मिस्त्री आणि मुकी

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणत. मिस्त्रींनाही हे नाव इतकं मानवलं होतं की कुणी खऱ्या नावानं हाक मारली, तर ओ द्यायला ते जरा वेळच लावत. त्यांची कामाची रीतच निराळी होती. बाकीचे मिस्त्री पाना घेऊन आधी मशीन उघडतात. हे डोळे अर्धे मिटून, हात मागे बांधून रांगांमधून चालत जायचे. मध्येच थांबायचे, एखाद्या मशीनकडे मान कलती करायचे आणि शिवणाऱ्या बाईला म्हणायचे, "शटल कोरडं पडलंय. थांबवा." उघडून बघावं तर शटल कोरडंच असायचं. कधी नसलंच, तर मिस्त्री म्हणत, "उद्या पडलं असतं."

निवृत्तीचं वय उलटलं तेव्हा मालकांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "मिस्त्री, जोवर तुमचे कान आहेत तोवर तुमची खुर्ची आहे." खुर्ची म्हणजे खिडकीजवळचं एक डुगडुगतं लोखंडी स्टूल होतं, पण मान खुर्चीचा होता. त्या स्टुलावरून उठून घरी बसावं लागेल, या कल्पनेनं मिस्त्री धास्तावून जायचे. पण कान खणखणीत असलेल्या माणसाला कसली आली भीती?

अलीकडे कारखान्यात नवी मशिनं आली. मिस्त्रींनी रांगेतून एक फेरी मारली आणि जाहीर केलं की ही फार घरंदाज मशिनं आहेत, आवाज म्हणून करत नाहीत. शिवणाऱ्या बाया एकमेकींकडे बघून हसल्या. 'घरंदाज' शब्दाला हसल्या असतील, असं मिस्त्रींना वाटलं. थोड्याच दिवसांत त्यातलं एक मशीन जाम होऊन बसलं. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "मिस्त्री, सकाळपासून किंचाळत होतं की हो ते. तुम्ही शेजारून गेलात, मला वाटलं बघताय." मिस्त्रींनी नुसती मान डोलावली. स्वतःचं दुर्लक्ष झाकायला माणसं मुक्या मशीनवरसुद्धा आळ घेतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

घरी तर सुख नुसतं उतू चाललं होतं. बायकोचा आवाज पहिल्यापासून बारीक, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "दिवसभराची मशिनं परवडली, पण ही नको," असं मिस्त्री वर्षानुवर्षं म्हणत आले होते. पण मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून बायको हळूहळू बदलली. कटकट नाही, गाऱ्हाणं नाही. जेवायला वाढायची, समोर बसायची आणि गप्प राहायची. चहाच्या सुट्टीत कुणी संसाराचं रडगाणं लावलं की मिस्त्री त्याला समजावत, "धीर धर बाबा. बाईमाणूस पिकलं की आपोआप शांत होतं. आमच्याकडे बघ."

मग एके दिवशी बायकोनं खालच्या मजल्यावरून मांजरीचं पिल्लू आणलं. उतारवयात सुचतात एकेक हौशी, म्हणून मिस्त्रींनी ते खपवून घेतलं. शिवाय त्या मांजरीत एक मोठा गुण होता. ती आवाज करत नसे. बायकोच्या मागे मागे फिरायची, तिच्या तोंडाकडे बघून नुसता आ करायची आणि मिटायची. मिस्त्रींना तिची दया आली आणि त्यांनी तिचं नाव मुकी ठेवलं. ते नाव ऐकून शेजारचे लोक पोट धरधरून हसले. "मिस्त्री, नाव बाकी फक्कड शोधलंत," असं जिन्यात भेटेल तो म्हणू लागला. आपल्या अंगात विनोदही आहे, हे मिस्त्रींना या वयात नव्यानंच कळलं. बायको तेवढी हसली नाही. पण तिला विनोद कधी कळले होते?

मुकी मोठी झाली तेव्हा बायकोनं अस्तराच्या चिंध्या भरून तिला एक उंदीर शिवून दिला. मुकीचा त्याच्यावर भलताच जीव जडला. एका सुट्टीच्या दुपारी मिस्त्री पेपर वाचत पडले असताना आतल्या खोलीतून "अंवऽऊऊ, अंवऽऊऊ" असा आवाज आला. खोल, घोगरा, रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी विव्हळावं तसा. मिस्त्री ताडकन उठून बसले. मुकी चिंध्यांचा उंदीर तोंडात धरून, मान ताठ करून चालत येत होती आणि तो आवाज तिच्याच घशातून येत होता. तिनं उंदीर मिस्त्रींच्या पायाशी ठेवला, वर पाहिलं, आणि पुन्हा आपली आवाजाशिवायची तोंडाची उघडझाप सुरू केली.

"अगं, हिला काहीतरी होतंय," मिस्त्री म्हणाले. "जन्माची मुकी, आणि आज बोलली ती ही अशी." बायकोनं त्यांच्याकडे एकदा विचित्र नजरेनं बघितलं, हात झटकला आणि ती आत गेली.

दुखणं घरातलं असलं म्हणून मिस्त्री हात बांधून बसणारे नव्हते. त्यांनी मुकीला धरून तिच्या पोटाला कान लावला. आत घुर्र घुर्र चाललं होतं. "मोटर झकास आहे," ते म्हणाले. "दोष वर आहे. गळ्यापाशी पट्टा घासतोय." पट्ट्यावर इलाज म्हणून त्यांनी तिच्या जिभेवर गोडेतेलाचे थेंब सोडायचा प्रयत्न केला. मुकीनं त्यांच्या कानाच्या पाळीवर पंजा मारला आणि ती कपाटावर जाऊन बसली. पण उंदीर तोंडात आला की ते विव्हळणं पुन्हा सुरू व्हायचं. मिस्त्रींचा जीव कासावीस होऊ लागला. शेवटी त्यांनी मुकीला झाकणाच्या टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. टोपलीत बसेल तर ती बायकोच्याच हातानं, म्हणून बायकोही निघाली.

डॉक्टर तरुण मुलगी होती, पण आवाज चांगला भरदार. मिस्त्रींना ती बघताक्षणी आवडली. त्यांनी सगळं निदान तिला पट्ट्यासकट समजावून सांगितलं. डॉक्टरनं मुकीचा घसा बघितला, दात बघितले, मान चाचपली.

"काका, हा आजार नाहीये," ती म्हणाली. "काही मांजरी आवडतं खेळणं तोंडात धरून असंच ओरडत फिरतात. शिकार आणली, बघा तरी, असं सांगत असतील. तोंड भरलेलं असतं, म्हणून आवाज घशातल्या घशात, खालच्या पट्टीत निघतो."

"पण एरवी ती मुकी आहे ना," मिस्त्री म्हणाले. "तोंड उघडते, पण आवाज फुटत नाही."

"मुकी?" डॉक्टर हसायला लागली. "टोपलीतून काढल्यापासून ही थांबलीय का? तुमचं बोलणं ऐकू येईना म्हणून तर मी इतकी जवळ सरकलेय."

मिस्त्रींनी मुकीकडे पाहिलं. टेबलावर चारी पाय रोवून ती तोंड उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. बारीक दात दिसत होते, गुलाबी जीभ थरथरत होती. दारातला कंपाउंडर एका कानात बोट घालून उभा होता. आणि मिस्त्रींना भिंतीवरच्या पंख्याची घरघर सोडून काहीही ऐकू येत नव्हतं.

"हो तर," ते म्हणाले. "ऐकतोय की मी. गंमत केली आपली."

बाहेर येऊन दोघं बस थांब्याच्या बाकावर बसली. टोपली मध्ये होती. मिस्त्री घाबरले होते. सुपरवायझर बाई खोटं बोलत नव्हत्या, हे त्यांना आता कळलं. घरंदाज मशिनं समोर किंचाळत होती आणि हे हात मागे बांधून त्यांच्यामधून फिरत होते. अर्थात, अजून कुणाला काही कळलेलं नव्हतं. मालक दिलेल्या शब्दाला पक्के होते. नव्या रांगेत मशीनवर तळवा ठेवत फिरलं, हादरा हाताला कळतोच, तर खुर्ची आणखी काही वर्षं सहज टिकली असती. मिस्त्रींनी हा बेत मनात जवळजवळ पक्का केला. मग टोपलीच्या फटीतून मुकीचं तोंड दिसलं. ते उघडं होतं आणि बायको वाकून त्या तोंडाशी काहीतरी बोलत होती.

"अगं," मिस्त्री म्हणाले. "मला हिचा आवाज येत नाही. आजच नाही, कधीच आला नाही."

बायकोनं मान वर केली. आधी ती हसली, कारण कानसेनांनी असं म्हणावं हा विनोद तिलासुद्धा कळण्यासारखा होता. मग त्यांचा चेहरा बघून थांबली. तिचे ओठ हलले.

"ऐकू नाही आलं," मिस्त्री म्हणाले. हे तीन शब्द त्यांनी जन्मात कधी उच्चारले नव्हते. "पुन्हा बोल. मोठ्यानं."

"मी जेवताना बोलायचे, ते?" बायकोनं आवाज चढवला. बसच्या रांगेतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं.

"नाही आलं."

"पोरीचा फोन आला की येऊन सांगायचे, ते?"

मिस्त्रींनी मान हलवली.

"लांबचं मशीन कुरकुरलं तरी तुम्हाला कळतं, अख्खी दुनिया सांगते," ती आता ओरडून बोलत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. "मग मला वाटलं, तुम्हाला माझंच तेवढं ऐकायचं नसतं. म्हणून मी बोलायचं सोडलं."

खुर्चीचा विचार मिस्त्रींच्या डोक्यातून कधी गेला, ते त्यांचं त्यांनाच समजलं नाही. ते टोपली उचलून मांडीवर घेत बायकोच्या जवळ सरकले.

"मग गं?" त्यांनी विचारलं. "एवढे दिवस काय केलंस तू?"

"काय करणार?" बायको त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "मांजर आणलं."