मामाला देव करू नका

माझी मावशी कपडे शिवायची. रस्त्याला लागून एकच खोली, दाराशी मशीन, मागे कापडांचे ढीग. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, जगभर नाव कमावलेला व्हायोलिनवादक. पण गिऱ्हाइकांना तिने हे कधी कळू दिलं नाही. "त्याचं वाजवणं त्याच्यापाशी, माझं शिवणं माझ्यापाशी," म्हणायची.

मामा गेल्यानंतर काही वर्षांनी त्याच्यावर सिनेमा काढायचं ठरलं. दिग्दर्शक बाई पटकथा वाचून दाखवायला मावशीकडे आल्या. पहिल्या पानापासून मामा थोर. लहानपणी थोर, उपाशीपोटी थोर, टाळ्यांच्या कडकडाटात तर विचारूच नका.

"कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

"छान आहे. पण हा माणूस कोण? मी नाही ह्याला ओळखत."

बाईंचा चेहरा पडला. मावशीने चहा टाकला आणि बोलायला लागली. मामा एकच ओळ इतकी घोटायचा की शेजारी भिंत बडवायचे. एकदा रागाच्या भरात त्याने व्हायोलिनचा गज खिडकीबाहेर भिरकावला आणि मग ओशाळून स्वतःच खाली शोधत बसला. आजोबा, म्हणजे त्याचे वडील, अंथरुणाला खिळले तेव्हा निरोपावर निरोप धाडले, तरी तो परदेशातले कार्यक्रम सोडून आला नाही. आला तो सगळं आटोपल्यावर. स्वयंपाकघरात बसला, पातेल्यातला गार भात तसाच खाल्ला.

"हे कसं दाखवणार?" बाई हळूच म्हणाल्या. "लोकांच्या मनातून उतरतील ते."

"माझ्या मनातून कुठे उतरला? वर्षभर अबोला धरला होता मी. पण रेडिओवर तो लागला की मशीन थांबवायचे. लोकांनाही जमेल की तेवढं. त्याला देव करू नका, बाई. देवाला कशाला रियाज करावा लागतो?"

बाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी पटकथा पुन्हा लिहायला घेतली.

पुढे मामाचं काम करणारा नट आला. मामा चालायचा कसा, हसायचा कसा, सारखं विचारत होता.

"नक्कल नको रे," मावशी म्हणाली. "तो ऐकायचा कसा ते शिक. आपण बोलत असलो ना, की त्याचं लक्ष शब्दांकडे नसायचंच. आपल्या आवाजाकडे असायचं."

पोरगा दुपारभर तिच्या मशीनशेजारी स्टुलावर गप्प बसून राहिला. जाताना म्हणाला, "मावशी, जाड कापड आलं की तुमच्या मशीनचा सूर उतरतो." मावशीने त्याच्याकडे पाहिलं आणि चटकन तोंड फिरवून दोरा ओवायला घेतला.

सिनेमा लागला तेव्हा मी तिच्या शेजारी होते. तो स्वयंपाकघरातला प्रसंग आला. पार्श्वसंगीत नाही, काही नाही. नुसता पातेल्याला लागणाऱ्या चमच्याचा आवाज. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. मावशीने माझा हात घट्ट धरला आणि पडद्याकडे बघत पुटपुटली, "सावकाश खा रे. ठसका लागेल."

बाहेर बाई वाट बघत उभ्या होत्या. "जमलं का?"

"नाक काही त्याचं नाही," मावशी डोळे पुसत म्हणाली. मग तिने बाईंच्या गालावरून हात फिरवला. "पुढचा खेळ कधी आहे हो? अजून थोडा वेळ बसेन म्हणते त्याच्यापाशी."