विहिरीचा खांब आणि आप्पांची म्हैस

उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसात खाणींसाठी सॉफ्टवेअर बनतं. खडक कुठं सरकतोय, त्याच्यावर ताण किती येतोय, हे सेन्सर सांगतात आणि धोका दिसला की आमचं सॉफ्टवेअर बोंब ठोकतं, म्हणजे आतली माणसं वेळेत बाहेर. हे आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी समजावून समजावून दमले. "म्हंजे भुई कवा सरकतीया बघत बसायचा पगार देत्यात व्हय तुला?" एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं.

भुई तर आमच्याच मळ्यात सरकत होती! संकेश्वरच्या अलीकडं आमचा ऊस आहे, तिथल्या जुन्या विहिरीच्या काठाला भेग पडलेली. आणि आप्पा त्याच विहिरीत उतरून पंपाच्या पाइपाच्या बुडाचा फुटव्हॉल साफ करणार. "माझ्या बापानं खणलीया, ती मला काय करतीया!" मला लई भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी भांडते. भांडून काही होईना, तेव्हा साहेबांना विचारून चाचणीच्या नावाखाली एक सेन्सर घरी आणला. भेगेजवळ लोखंडी खांब रोवून त्यावर बसवला. खांब तसूभर कलला तरी माझ्या मोबाईलवर भोंगा.

दुसऱ्याच दिवशी भर मीटिंगमध्ये भोंगा वाजला. मी उठून बाहेर पळाले. घरी फोन लावला तर आई म्हणाली, "कुटं काय? आप्पांनी म्हस बांधलीया त्याला."

आता काय बोलायचं! पण पाण्याजवळ, सावलीत, इतका पक्का खांब दिसल्यावर आमच्याकडचा कुठला माणूस त्याला म्हैस बांधणार नाही? म्हैस चिकोडीच्या बाजारातली, तिला कन्नडच कळतं, त्यामुळं माझं ओरडणं फुकट. ती खांबाला अंग घासायची, इकडं भोंगा. मी घरी गेले की आप्पा विचारणार, "तुजी खाण आज किती सरकली गं?" पुढं पुढं भोंगा वाजला की ऑफिसातले सगळे "म्हैस" म्हणून परत कामाला लागायचे.

एका रविवारी सकाळी आप्पा खांद्यावर दोर टाकून विहिरीकडं निघाले. मी कटकट करत मागोमाग. त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि भोंगा वाजला.

"आप्पा, उतरू नका!"

"म्हस असंल गं," म्हणत ते आणखी एक पायरी उतरले.

तेवढ्यात गोठ्यातून आई ओरडली, "म्हस हितं हाय की! धार काढतीया मी!"

आप्पांनी वळून खांबाकडं बघितलं. खांबाला नुसतं दावं लोंबत होतं. ते झटक्यात वर आले, मी त्यांना ओढत बांधापर्यंत नेलं, आणि मागं धाडदिशी काठ कोसळला. पायऱ्या, दगड, माझा खांब, सगळं विहिरीत.

आई धार टाकून धावत आली. आप्पा तिला म्हणाले, "म्हशीला आज जादा पेंड घाल. ती गोठ्यात हुती म्हणून वाचलो."

माझं डोकंच फिरलं. "म्हशीला? आणि मी काय केलं मग?"

"आदी त्यो भोंगा बंद कर," आप्पा म्हणाले.

बंद कसा करणार? मोबाईल धरलेला माझा हात त्यांनीच घट्ट धरून ठेवला होता. मीही सोडवून घेतला नाही. वाजू दे म्हटलं.