वासरू हललं का?

नवरा आस्लाउगला फार दिवस पुरला नाही. हिमनदी मात्र म्हातारपणापर्यंत पुरली. स्तुरविकच्या डोंगरावरच्या त्या इवल्या हिमनदीला आम्ही वासरू म्हणायचो. पलीकडची मोठी, ती गाय. हवा बिघडली की गायीला कळायला कैक वर्षं लागतात, वासरू लगेच आजारी पडतं. म्हणून हिमनद्या मोजणाऱ्या संस्थेने आस्लाउगला वासरावर लक्ष ठेवायच्या कामावर ठेवलं होतं. बर्फात गिरमिटाने भोकं पाडून ती काठ्या रोवायची आणि उन्हाळा सरताना वर जाऊन बघायची, काठ्या किती उघड्या पडल्या, बर्फाबरोबर उतारावर किती सरकल्या.

"काय गं, दूध देतंय का तुझं वासरू?" तिचा भाऊ आयलिफ भर दुकानात विचारायचा. लोक खिदळायचे. हसणाऱ्यांच्या बापाचं काय जातं!

यंदा संस्थेतल्या ख्यार्तानचा फोन आला. "काठी सरकली असेल तरच पुढे मोजायचं, आस्लाउग. जागची हलत नाही ती हिमनदी कसली? नुसता बर्फाचा तुकडा."

"माणूस उठेनासा झाला की नाडी बघायची सोडतोस का रे?"

"नाडी असेल तर बघू की."

ती वर गेली. शेवटची उरलेली काठी तसूभरही हलली नव्हती. आस्लाउग तिथेच बसून रडली. मग तिने आजूबाजूला पाहिलं. काठी उपटून उतारावर दोन हात खाली रोवली की झालं, बघायला होतं कोण? जन्मभर तिने एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. पण खोटं बोलून कुणी जगत असेल तर बोलावं, असं तिला वाटलं.

काठी सहज हातात आली. खाली तिने गिरमिट लावलं. ते जरासं आत गेलं आणि खर्रकन थांबलं. दगड. बाजूला लावलं, तिथेही दगड. तरी तिने त्या उथळ भोकात काठी उभी केली. हात काढताच ती आडवी झाली. खोटं रोवायलासुद्धा बर्फ उरला नव्हता.

घरी येऊन तिने ख्यार्तानला कळवलं, "नाही हललं."

"वाटलंच होतं," तो म्हणाला. "पण नोंदी कशा अगदी शेवटपर्यंत पूर्ण झाल्या बघ. छान काम झालं!"

काठी आयलिफने मासे वाळवायच्या मांडवाला मागितली. "आता तुला काय करायचीय?"

तिने देऊन टाकली.