पंपाला हात शेवटी

आनंदराव गजभिये सरांची पहिली ओळख मला त्यांच्या आवाजाने झाली. नागपूरच्या हिंगणा रस्त्यावरच्या त्यांच्या वर्कशॉपसमोर माझी गाडी थांबली आणि मी उतरते न उतरते तोच आतून कोणीतरी गरजले, "हे वाळ्याची ताटी कोणं बांधली जी गाडीले? लग्न आहे का तिचं?"

सरांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात पुष्कळजण त्यांच्या शांत स्वभावाविषयी लिहिणार आहेत, असे संपादकांनी मला कळवले आहे. लिहोत बापडे. मी पाहिलेले सर फक्त इंजिनाचा आवाज ऐकताना गप्प असत. एरवी ते शिकवत त्या तंत्रशाळेच्या वर्गात जसे बोलत तसेच वर्कशॉपमध्ये बोलत, म्हणजे रस्त्यापलीकडच्यालाही ऐकू जाईल असे. डिझेल इंजिनांविषयी नागपुरात आपल्याइतके कोणाला कळत नाही, हे ते स्वतःच सांगत. मला ते आवडले. मीही माझ्या विषयात फारशी विनयशील नाही.

नरखेड तालुक्यातल्या एका गावात माझे छोटे प्रसूतिगृह आहे. साधी बाळंतपणे तिथे होतात, पण शस्त्रक्रियेची सोय नाही. अडलेल्या बाईला नागपूरला न्यावे लागते. त्यासाठी मी एक जुनी डिझेल मोटार घेतली होती. शेतावरच्या इंजिनांमुळे गावात डिझेल हमखास मिळे, म्हणून डिझेलची. ती सपाटीवर बरी चाले. चढ आला की मात्र आजारी म्हशीसारखी धापा टाके. त्या हिवाळ्यात एका बाईला घेऊन निघालो असता काटोलच्या अलीकडच्या चढावर गाडीने जवळजवळ मान टाकली. आम्ही पोहोचलो, पण उशिरा. बाई वाचली, बाळ वाचले नाही.

परतताना, मला गावी सोडायला सोबत निघालेल्या माझ्या यजमानांना मी सांगितले, की उन्हाळा संपला की दवाखाना बंद करून नागपूरला राहायला येते. ते नागपूरलाच नोकरीला होते, त्यांना आनंदच झाला. गावात मी कोणाला बोलले नाही. गाडी चालवणारा महादेव तेवढा पुढे बसून ऐकत होता.

महादेव माझा ड्रायव्हर, कंपाउंडर आणि सल्लागार. त्याने हार मानली नव्हती. गाडीला ताकद नाही तर पंप वाढवावा, म्हणजे इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून जास्त डिझेल जाऊ द्यावे, हा त्या काळी सगळ्यांचा रामबाण उपाय. एका मिस्त्रीने तो करून दिला. गाडी काळाकुट्ट धूर सोडू लागली आणि महादेव खूष झाला, कारण जितका धूर तितका जोर, असे सगळेच मानत. जोर काही आला नाही. इंजिन मात्र तापू लागले. तेव्हा त्याने अस्सल नागपुरी इलाज केला. उन्हाळ्यात आपण खिडकीला लावतो तशी वाळ्याची ताटी गाडीच्या तोंडाला बांधली आणि वाटेत जागोजागी तिच्यावर पाणी मारू लागला. गाडीला सुगंध सुटला, पण ती आणखी तापली. त्यानंतर आम्ही सरांच्या दारी गेलो.

"सर, पंप अजून थोडा वाढवून द्या जी," महादेव म्हणाला.

"पंपाले हात शेवटी," सर म्हणाले. "दम लागलेल्या माणसाले तुमी आणखी जेवाले वाढून राहिले. डॉक्टरबाई, तुमी असं करता का पेशंटले?"

मी नाही म्हटले.

"मंग गाडीले काहून करता?"

सरांची तपासणी मी त्या दिवशी पाहिली आणि ती मला फार ओळखीची वाटली. रोगी जसा घरी असतो तसा त्यांना पाहायचा होता. गाडी नेहमी जशी भरता तशी भरा म्हणाले. मागच्या सीटवर पेशंट म्हणून त्यांचा एक जाडजूड मित्र आडवा झाला, नर्सच्या जागी मी. छतावर काय असते, असे त्यांनी विचारले तेव्हा महादेव घुटमळला. गाडी नागपूरला निघाली की गावातला प्रत्येकजण आपल्या सोयऱ्यासाठी संत्र्यांची पेटी वर चढवत असे, आणि डॉक्टरबाईंच्या गाडीला नाही कोण म्हणणार.

"दवाखान्याची गाडी आहे का कळमन्याच्या संत्रा बाजाराची?" सर म्हणाले.

मग त्यांनी चाके दाबून पाहिली. चारही मऊ होती. महादेवाने खाली मान घालून सांगितले, की गरोदर बाईला दचके बसू नयेत म्हणून तो मुद्दामच हवा कमी ठेवतो. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मन चांगलं आहे गा तुयं. पण त्यानं गाडी रस्त्याले चिकटते. हवा बरोबर ठेव अन् खड्डा पाहून चालव."

एअर फिल्टर उघडला तर आत रुईचा गच्च बोळा. आमचा रस्ता कापसाच्या जिनिंग कारखान्यावरून जाई, आणि कापसाच्या गाड्यांमागून चालता चालता इंजिनाचे नाकच बुजले होते. डिझेल आम्ही पिंपात साठवत असू. त्याच्या तळातले पाणी आणि गाळ टाकीत उतरला होता. इंजिनात डिझेल फवारणारी नोझल सरांनी काढून तपासणीच्या बाकावर लावली. त्यांतून फवारा उडायच्या ऐवजी थेंब ठिबकत होते. जळायचे ते जळत नव्हते आणि धूर होऊन जात होते. सगळे साफ झाले, नोझल बदलली, आणि मगच सर पंपाकडे वळले. मिस्त्रीने वाढवलेले डिझेल त्यांनी कमी केले. महादेवाचा चेहरा पडला.

ताटी मात्र त्यांनी फेकली नाही. ती त्यांनी वर्कशॉपच्या खिडकीला लावली आणि महादेवाला जवळ बोलावले. "कल्पना बरोबर होती तुयी. थंड हवेनं इंजिनाले जोर येते. पण तू तर तोंडच बांधलं तिचं." गाडीच्या पुढच्या जाळीपासून फिल्टरपर्यंत त्यांनी एक रुंद नळी बसवली, म्हणजे इंजिनाला बॉनेटखालची तापलेली हवा न मिळता बाहेरची मिळावी.

गाडी गावी आली त्याच आठवड्यात गावातल्या सुमनला कळा सुरू झाल्या. तिचे पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले होते, दुसरे नागपूरलाच करायचे ठरले होते, पण कळा दिवसांआधीच आल्या. सर त्या सकाळी गाडीची चाल पाहायला एसटीने आमच्याकडे आले होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. चहाचा कप खाली ठेवून ते महादेवाशेजारी जाऊन बसले. छतावर त्या दिवशी एकही पेटी नव्हती.

काटोलच्या अलीकडचा तो चढ दिसला. सुमनची सासू तिचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. महादेवाचा हात सवयीने गिअरकडे गेला.

"राहू दे," सर म्हणाले. "जाते ते."

गाडी गेली. धूर नाही, धाप नाही, ज्या गिअरमध्ये होती त्याच गिअरमध्ये ती चढ चढून पलीकडे उतरली. महादेव नुसता हसत सुटला. मी हसतही होते आणि रडतही होते, आणि सुमनची सासू मला म्हणाली, "काहून वं बाई, कळा तिले येऊन राहिल्या न?" दुपारी नागपूरला सुमनला मुलगा झाला. दोघे सुखरूप.

तिथल्या दवाखान्याच्या ओसरीवर मी सरांना म्हटले, "तुम्हाला एक सांगते. मी गाव सोडणार होते."

"मले माहीत होतं," सर म्हणाले. "महादेवानं पहिल्याच दिवशी सांगतलं. गाडीचं काय जी, आज ना उद्या कोणी बी नीट केली असती. पण तिकडं डॉक्टरच नसन, त चांगली गाडी कोणाले घेऊन येईन?"

मी यजमानांना सांगितले की मी येत नाही. ते थोडे रागावले, मग रविवारी स्वतःच गावी येऊ लागले.

सरांना निरोगी, भरभरून दीर्घायुष्य लाभो, त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो. माझ्या गावाहून नागपूरला गेलेल्या आणि बाळ घेऊन परतलेल्या कितीतरी बायांना त्यांचे नावही ठाऊक नाही. त्या सगळ्यांच्या वतीने हे मागणे मी मागते.