मजेतल्या माणसाची तपासणी

मी पत्रकं वाचत वाढले. त्यामुळे हिंगणीजवळच्या आमच्या गावात उपकेंद्राला टॅब मिळाला आणि त्यावर वर्ध्याचे डॉक्टर दिसू लागले, तेव्हा मी लगेच पत्रक लिहायला घेतलं : ‘आम्हाला डॉक्टर पाहिजे, डॉक्टरांचं चित्र नको.’ मथळा मला अजूनही आवडतो. पण त्याच आठवड्यात बाबांचा दम वाढला. शेतातून येताना ते बांधावर टेकायचे आणि विचारलं की म्हणायचे, पीक पाहत होतो. शेवटी आई आणि मी त्यांना टॅबपुढेच नेऊन बसवलं. तत्त्वाला तात्पुरती रजा.

बाबांनी आजवर व्हिडिओ कॉल केले ते फक्त पुण्याला दिलेल्या माझ्या बहिणीला. त्या कॉलचा आमच्या घरी एक नियम आहे : लेकीला घोर लागेल असं काही बोलायचं नाही. अंगात ताप असला तरी टोपी घालून हसायचं. पडद्यावर डॉक्टर उगवले तसे बाबा टोपी सारखी करून हसले.

“काय त्रास होतोय, काका?”

“काई नाई. मजेत आहो. तुमचं जेवण झालं काय?”

“झालं. दम लागतो का?”

“नाई जी. तिकडं ऊन कसं आहे?”

“डॉक्टर, ते खोटं बोलताहेत,” मी म्हटलं.

बाबा कॅमेऱ्याकडे पाहून हसतच म्हणाले, “हे पोरगी पत्रकं लिहिते. तिले सगळं वाईटच दिसते.”

डॉक्टरही हसले. रक्तदाबाच्या आधीच्याच गोळ्या चालू ठेवा म्हणाले आणि कॉल बंद करायला त्यांनी हात पुढे केला. तेवढ्यात आई उठली.

“थांबा जी, डॉक्टर सायेब. याईले फाटकापर्यंत जाऊन येऊ द्या, मंग विचारा.”

“काऊन?” बाबा म्हणाले.

“मजेत आहा न? जा मंग.”

मजेतल्या माणसाला नाही म्हणता येईना. ते निघाले. उपकेंद्रातल्या नर्सनं टॅब दारात धरला. परत येताना बाबा कडुनिंबाला धरून थांबले. खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, नुसते खांदे वर-खाली. डॉक्टरांनी पडद्याला नाक लावल्यासारखं पाहिलं.

“आजच आणा. आत्ताच निघा.”

भरतीची चिठ्ठी तिकडून लगेच आली. गाडी मात्र पडद्यातून येत नाही. शेजाऱ्याच्या भाजीच्या गाडीत बाबा पुढे बसले, मी आणि आई मागे वांग्यांच्या क्रेटांच्या मधे. पत्रकात गाडीची मागणी मी वाटेतलं सेलू येण्याआधीच घातली.

वर्ध्यात त्याच डॉक्टरांनी बाबांच्या पाठीला तपासायची नळी लावली आणि खांद्यावर हात ठेवून विचारलं, “कधीपासून?”

“दिवाळीपासून,” बाबा हळूच म्हणाले. “रातच्याले आडवं पडवत नाई.”

बाहेर होळीची लाकडं रचून झाली होती. छातीत पाणी आहे, पण वेळेत आणलंत, असं म्हणून डॉक्टरांनी त्यांना भरती करून घेतलं. आईनं चादर त्यांच्या पायावर ओढली.

“मले काऊन नाई सांगितलं?”

“तू घाबरली असती.”

“आधी बरे व्हा,” आई म्हणाली. “मंग पाहतो तुमच्याकडं.”